फरशीवर पाणी आलंय: गाडी घालायची की थांबायचं?

पावसाळ्यात फरशी पुलावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, पाणी आलं की दोन्ही काठांना गाड्यांची रांग लागते आणि चर्चा ठरलेली असते. इंजिनात पाणी जाईल का, सायलेन्सर बुडेल का, गाडी मध्येच बंद पडेल का? हे प्रश्न योग्यच आहेत, पण दुसऱ्या नंबरचे. पहिला प्रश्न वेगळा आहे: पाण्यात शिरल्यावर आपली गाडी रस्त्याला किती टेकून राहील? इंजिनात पाणी गेलं तर पैसे जातात. गाडी रस्त्यावरून सुटली तर माणसं जातात.

विहिरीतून बादली ओढणाऱ्याला हे माहीत असतं. भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते. गाडीचंही तेच होतं, आणि किती होतं याचा हिशेब कागदावर करता येतो.

एक छोटी हॅचबॅक घेऊ. वजन ९०० किलो, जमिनीपासून तळ १७ सेंटीमीटर उंच, आणि तळाचा पसारा साधारण साडेपाच चौरस मीटर. पाणी तळाला लागेपर्यंत फक्त चाकं भिजतात. तळाला लागल्यावर मात्र पातळी एक सेंटीमीटर वाढली की पाणी गाडीचं सुमारे ५५ किलो वजन उचलून धरतं. रस्त्यावर एक फूट, म्हणजे ३० सेंटीमीटर पाणी असेल तर तळाच्या वर १३ सेंटीमीटर झालं. तेरा गुणिले पंचावन्न, ७१५ किलो. म्हणजे ९०० किलोच्या गाडीपैकी रस्त्यावर टेकलेले उरले १८५ किलो. चार चाकांत वाटले तर एका चाकावर पन्नास किलोसुद्धा नाहीत. आत बसलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही. पाणी अजून दाराच्या खालच्या कडेपर्यंतही नीट आलेलं नसतं.

हा हिशेब गाडीच्या आत पाणी शिरलेलं नाही असं धरून केलेला आहे. पाणी आत आलं की गाडी पुन्हा जड होते, पण दारांचं रबर चांगलं असेल तर त्याला वेळ लागतो. म्हणून नवी, घट्ट बंद होणारी गाडी जुन्या खटाऱ्यापेक्षा लवकर तरंगते. शिवाय इंजिन पुढे असल्यामुळे मागची बाजू आधी हलकी होते. पुराच्या पाण्यातल्या गाडीचे व्हिडिओ नीट बघा: बहुतेक वेळा आधी मागची चाकं प्रवाहाच्या दिशेला सरकतात, गाडी तिरकी होते आणि मग कडेवरून खाली जाते. पुढची चाकं तेव्हाही फिरत असतात. ड्रायव्हर स्टिअरिंग वळवत असतो, पण वळायला पकडच उरलेली नसते.

आता प्रवाहाचं बघू. वाहणारं पाणी गाडीच्या कुशीवर धक्का देतं, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. आपल्या हॅचबॅकला एक फूट पाण्यात, सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात, साधारण ३० किलोचा धक्का बसेल. वेग सेकंदाला दोन मीटर झाला की तोच धक्का १२० किलोच्या आसपास जातो. फरशीवर शेवाळ असतं, गाळ असतो. अशा जागी १८५ किलो वजनाची पकड जेमतेम ५५ ते ७५ किलोचा धक्का पेलेल. म्हणजे पहिल्या प्रवाहात गाडी कशीबशी टिकली, दुसऱ्यात गेली. आणि सेकंदाला दोन मीटर म्हणजे काही रौद्र लोंढा नव्हे. ताशी सव्वासात किलोमीटर, भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त वेग. काठावरून बघताना असं पाणी शांत वाटतं.

पाणी गाडीला हलवतं आणि तरंगवतं हे प्रत्यक्षातही तपासलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलप्रयोगशाळेत खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून बघितल्या. सुमारे १,०५० किलोची टोयोटा यारिस सेकंदाला एक मीटर वेगाच्या अवघ्या १५ सेंटीमीटर पाण्यात हलायला लागली आणि ६० सेंटीमीटरला पूर्ण तरंगली. अडीच टनांची निस्सान पेट्रोल, म्हणजे चारही चाकांना ताकद असलेली दांडगी गाडी, तशाच वेगाच्या ४५ सेंटीमीटर पाण्यात डळमळली आणि ९५ सेंटीमीटरला तरंगली. तरंगल्यावर अडीच टनांची ती गाडी थोड्याशा जोरानेही ढकलता येत होती.

म्हणून 'आपली एसयूव्ही आहे, जाईल' हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. उंच गाडीला थोडी जास्त खोली परवडते, एवढंच. पण मोठ्या गाडीचा तळही मोठा असतो, आणि पाणी तळाला लागलं की तिला उचलणारा जोरही तितकाच मोठा असतो. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना एक स्कॉर्पिओ माणसांसकट वाहून गेली. काठावरच्या लोकांनी केलेलं तिचं चित्रण राज्यभर फिरलं. त्याच्या आदल्या वर्षी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर चक्क एसटी बस वाहून गेली. एसटीचा तळ उंच असतो, पण तिची कूस दहा-अकरा मीटर लांब असते आणि त्या अख्ख्या लांबीवर पाणी रेटत असतं. एसटीचा चालक तो रस्ता रोजचा ओळखणारा असतो. रस्ता ओळखीचा असणं इथे उपयोगाला येत नाही, कारण पाण्याखालचा रस्ता कालचा राहिलेला असेलच असं नाही.

पाण्याखाली काय झालं असेल ते वरून दिसत नाही. फरशीच्या दोन्ही टोकांना मातीचा भराव असतो. पाणी वरून जायला लागलं की खालच्या अंगाला भोवरा पडतो आणि भराव आतून खचत जातो. वरचं डांबर काही काळ तसंच राहतं, मग चाक टेकलं की कोसळतं. मोरीचे पाईप काटक्या आणि पालापाचोळ्यानं तुंबले तर पाणी बाजूनं वाट काढतं आणि रस्ताच कापून नेतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गाचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. अंधारात, पावसात, हेडलाइटच्या उजेडात पुढे पूल नाही हे येणाऱ्याला दिसलंच नसणार. तो तर महामार्गावरचा पूल होता. गावाकडच्या फरशीची काय कथा?

पाणी कुठून येतंय हेही काठावरून दिसत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतं म्हणून पाणी उतरेल असं माणूस धरून चालतो. कोल्हापूर जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते कुणी न उघडता आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून सुमारे १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी भोगावतीत पडतं. खाली बंधाऱ्यांवरून गावाला जाणारे रस्ते आहेत, आणि तिथे पाऊस थांबलेला असतानाही पाणी चढत राहतं. म्हणून इकडचे लोक आभाळापेक्षा नदीच्या पातळीकडे जास्त बघतात: भोगावती जिला मिळते त्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आणि 'रेडेडोह फुटला', म्हणजे त्या ठिकाणी नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, अशी बातमी कानावर आली की पन्हाळा-रत्नागिरीच्या बाजूला निघालेला माणूस आधी दोन फोन करतो. ज्या भागात जायचंय तिथलं असं ठिकाण कुठलं, हे तिथल्याच माणसाला विचारावं. गुगलचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. त्या रस्त्यावर बंधारा आहे आणि तो काल रात्रीच पाण्याखाली गेलाय, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावरून आडवं पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर गाडी घालायची नाही. खोली कितीही कमी वाटली तरी नाही. मोजून बघतो म्हणून चालत उतरायचंही नाही, कारण गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. ओढ किती आहे ते बघायचंच असेल तर काठावरून काटकी टाका. ती तुमच्या चालण्याच्या वेगानं पुढे जात असेल तर वर केलेला सगळा हिशेब तुमच्या गाडीला लागू आहे. कडेचे दगडी खुंट बुडालेले असतील तर रस्ता कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते हेही कळत नाही. तिथे विषय संपला. पाणी गढूळ लालसर झालंय, ओंडके येतायत, आवाज वाढलाय, तर वरून अजून पाणी येतंय. अशा वेळी काठाजवळ गाडी लावूनही थांबू नये.

पुढची गाडी गेली म्हणून आपणही जाऊ, हे तर मनातूनच काढून टाकावं. ती गाडी गेली तेव्हाचं पाणी पुढे निघून गेलं. तळाला लागलेलं पाणी दहा मिनिटांत तीन-चार इंच वाढलं तर आपल्या हॅचबॅकचं जवळपास निम्मं वजन पाण्यानं उचललेलं असतं.

साचलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. शहरातल्या चौकात, सोसायटीबाहेर, महामार्गाच्या सखल भागात पाणी तुंबतं आणि त्याला ओढ नसते. इथे खोली मोजून जाता येतं. चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे जिथे नट असतात तिथपर्यंत पाणी, ही साध्या गाडीची शेवटची मर्यादा धरा, आणि तिच्याही आत राहा. फूटपाथची कड दिसतेय का, उभ्या असलेल्या गाड्यांची चाकं कुठवर बुडालीत, यावरून अंदाज येतो.

सबवे मात्र यात धरू नका. अंधेरी सबवे असो नाहीतर मिलन सबवे, रस्ता खाली उतरत जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहतो. सुरुवातीला वीतभर वाटलेलं पाणी मध्यावर माणसाच्या उंचीपेक्षा जास्त असू शकतं. मे २०२३ मध्ये बंगळूरच्या के. आर. सर्कलच्या भुयारी रस्त्यात टॅक्सी अडकून एका तरुणीचा जीव गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये फरीदाबादला रेल्वेखालच्या रस्त्यात एसयूव्ही बुडून दोघे गेले. दोन्ही ठिकाणं भर शहरातली.

साचलेल्या पाण्यातून जाताना

आधी समोरून येणारी गाडी पूर्ण बाहेर येऊ द्या. तिच्या लाटेनं तुमच्या बाजूचं पाणी अर्धा फूट वर येऊ शकतं. एसी बंद करा. काचा खाली घ्या, दारं अनलॉक ठेवा. पहिला गियर टाकून माणसाच्या चालण्याच्या वेगानं, एकसारखी रेस देत जायचं. गियर बदलायचा नाही, हाफ क्लचवर लोंबकळायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. या वेगात गाडीच्या पुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे बोनेटखालच्या भागात पाणी किंचित खाली राहतं. वेग वाढवला की तीच लाट बोनेटवर चढते. पाणी उडवत जाणाऱ्या गाड्या बंद पडतात त्या यामुळेच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गियरवर ठेवावी.

सायलेन्सरची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नाही. इंजिन चालू असताना आतून धूर जोरात बाहेर येत असतो, तो पाणी सहसा आत येऊ देत नाही. खरा धोका इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी आहे. बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या उंचीला असतं. आपल्या गाडीत ते नेमकं कुठे आहे हे मेकॅनिककडून एकदा बोनेट उघडून बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावरून आपल्या गाडीची मर्यादा डोळ्यांनी कळते.

त्या तोंडातून पाणी आत गेलं तर काय होतं? पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. दीड लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरला ३७५ घनसेंटीमीटर जागा असते आणि पिस्टन पूर्ण वर आल्यावर तिच्यातली साधारण २५ घनसेंटीमीटर उरते. म्हणजे पाच चहाचे चमचे पाणी. त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही, आणि मागून इंजिनाची सगळी ताकद त्याला ढकलत असते. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. बंद पडताना इंजिन कदाचित वाचलेलं असतं. सेल्फ मारल्यावर ते मोडतं. गाडी ढकलून किंवा टोचन करून बाहेर काढा आणि थेट गॅरेजला न्या. तिथे स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढतात, ऑइल बदलतात, आणि अनेकदा एवढ्यावर भागतं. विम्याचाही संबंध इथेच येतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर येतो, पण पाण्यात सेल्फ मारून मोडलेलं इंजिन हे पुराचं थेट नुकसान नाही, असं म्हणून कंपन्या ते सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि त्यातही अटी असतात. पावसाळ्याआधी पॉलिसीचा कागद काढून वाचा.

थार घेणाऱ्यांसाठी एक मुद्दा. कंपनी या गाडीची पाण्यातली क्षमता ६५० मिलीमीटर सांगते. असे आकडे इंजिनात आणि विजेच्या भागात पाणी जाऊ न देता संथ पाण्यातून हळू जाण्याचे असतात. प्रवाहात गाडी जागेवर राहील याची हमी त्यात नसते. इलेक्ट्रिक गाडीला हवा ओढायचं तोंडच नाही, बॅटरीही बंदिस्त असते, त्यामुळे ती बंद पडायची शक्यता कमी. पण पाणी उचलायला लागलं की तिलाही उचलतं.

पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात. रिकामा रस्ता बघून हळू चालवत ब्रेकवर दोन-चार वेळा हलका पाय ठेवा, पकड परत येते. पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल तर इंजिन आणि गियरबॉक्सचं ऑइल तपासून घ्या. ते दुधट दिसलं तर त्यात पाणी आहे.

गाडीत अडकलात तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं आपल्याच बंद गाडीत गुदमरून गेली. काचा वर, दारं लॉक, एसी चालू, आणि पाणी ओसरण्याची वाट बघणं. गाडी बंद पडली आणि पाणी वाढतंय, एवढं दिसलं की गाडीचा मोह सोडायचा.

क्रम लक्षात ठेवा: सीटबेल्ट काढा, काच खाली करा, बाहेर पडा. मुलांना आधी बाहेर काढा. दार उघडण्यात वेळ घालवू नका. दाराच्या खालच्या कडेपासून ६० सेंटीमीटर पाणी बाहेरून असेल आणि आत पाणी नसेल, तर मीटरभर रुंद दारावर जवळपास १८० किलोचा दाब असतो. पॉवर विंडो पाणी लागल्यावरही बहुधा थोडा वेळ चालते, पण तो वेळ फार नसतो, म्हणून पहिलं बटण काचेचं. काच उतरली नाही तर बाजूची काच कोपऱ्याजवळ फोडा. पुढची काच फोडायला जाऊ नका. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, ती तडकते पण सुटत नाही. टोकदार हातोडी ऑनलाइन सहज मिळते. ती डिकीत न ठेवता ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावी.

बाहेर पडल्यावर पाण्याला ओढ असेल तर टपावर चढून थांबा आणि ११२ ला फोन लावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. रस्त्याचं नाव, जवळचं गाव, नाल्याच्या कुठल्या काठाला आहात ते सांगा. टपावरून पडून वाहायला लागलात तर पाठीवर या, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे ठेवा, म्हणजे दगड-ओंडके आधी पायांना लागतात, आणि तिरकं पोहत काठाकडे सरका. प्रवाहाच्या उलट पोहायला गेलात तर लगेच दमाल.

आणि गाडी तिथेच सोडून सुखरूप बाहेर आलात, तर ११२ ला पुन्हा फोन करून गाडीचा नंबर द्या आणि आत कुणी नाही हे सांगा. नाहीतर रात्री कुणाला तरी ती गाडी दिसते, आणि आत माणूस असेल म्हणून बचाव पथकातली मुलं दोर बांधून त्या पाण्यात उतरतात.